दहा ते बाराच्या मधलं काम

मे महिन्यातला कुठलाही रविवार घ्या. मालवण किनाऱ्यावरच्या तारकर्ली, देवबाग किंवा वायरीतल्या एखाद्या न्याहरी निवासात सकाळी दहाला कोल्हापूरचं कुटुंब खोली सोडतं आणि बाराच्या ठोक्याला पुण्याची गाडी दारात उभी राहते. मधले दोन तास. पलंगाखाली वाळू, न्हाणीघरात वाळू, चादरीच्या घडीत वाळू. उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग, टीपॉयवर सोलकढीचं वाळलेलं वर्तुळ, खुर्चीच्या पाठीवर खाऱ्या पाण्याचे ओले टॉवेल. बारा वाजता हीच खोली अशी दिसायला हवी, की ह्याआधी इथे कुणी राहिलंच नव्हतं.

हे काम बहुतेक ठिकाणी घरची सून, शेजारची बाई आणि एखादा पोरगा मिळून उरकतात. उरकतात हे खरं, पण त्याला कुणी व्यवसाय म्हणत नाही. ‘त्यात शिकायचं काय, झाडू तर मारायचा’ हे उत्तर ठरलेलं. वास्तविक ह्या दोन तासांत रसायनशास्त्र आहे, वेळेचं गणित आहे, आरोग्याचे नियम आहेत, आणि शिकलं तर अटेंडंटपासून व्यवस्थापकापर्यंत नेणारी नोकरीची शिडीही आहे. सिंधुदुर्गासारख्या पर्यटनावर जगू पाहणाऱ्या जिल्ह्याने हे काम नीट समजून घ्यायला हवं.

ख्याती आहे, पेशा नाही

स्वच्छतेच्या बाबतीत ह्या जिल्ह्याचं नाव मोठं आहे. सप्टेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेच्या सर्वेक्षणाचे निकाल जाहीर केले. देशातले 75 जिल्हे त्यात होते. डोंगराळ भागात हिमाचलातला मंडी पहिला आला आणि सपाट भागात सिंधुदुर्ग. सह्याद्रीच्या उतारावर वसलेल्या आमच्या ह्या चढणी-उतरणीच्या मुलखाला ‘सपाट’ म्हटलं ही त्यातली गंमत, पण मान खरा होता.

त्याच सुमारास वेंगुर्ल्याने आणखी एक गोष्ट करून दाखवली. 1876 साली स्थापन झालेली ही छोटी नगरपरिषद. शहराची वस्ती बारा-तेरा हजारांची. 2015 च्या आसपास मुख्याधिकारी रामदास कोकरे ह्यांच्या काळात घरोघरीच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. गोळा झालेला सुका कचरा केंद्रावर पुन्हा निवडून विसाहून अधिक प्रकारांत विभागला जाऊ लागला. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा भुगा करून तो रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे नाक मुठीत धरून जावं लागे त्या कचरा डेपोचं फिरायला जाण्याजोगं ठिकाण झालं. ‘वेंगुर्ला पॅटर्न’ पाहायला राज्यभरातून नगरसेवक येऊ लागले. ह्या यशामागे यंत्रापेक्षा मोठी गोष्ट होती: कचरा हाताळणारी माणसं कुठली वस्तू कुठल्या ढिगात जाते हे ओळखायला शिकली. बाटलीचं प्लास्टिक वेगळं, तिच्या झाकणाचं वेगळं, दुधाच्या पिशवीचं आणखी वेगळं. ही ओळख म्हणजेच कौशल्य.

त्याहून जुना धागा कणकवलीत सापडतो. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद करणारे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे गांधी आप्पासाहेब पटवर्धन, 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते देता येणार नाही, असं तुरुंगाने सांगितलं. आप्पांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात उपवास सुरू केला, आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. पुढे 1948 मध्ये आप्पांनी कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला. तिथे संडासाचे नमुने, खत, चर्मोद्योग, गोबरगॅस असे प्रयोग चालले. मैला हाताने उचलावाच लागू नये, अशी रचना करणं हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. देहूचे डॉ. सुहास मापुसकर ह्यांनी मैल्यापासून गॅस करण्याचं काम पुढे नेलं. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

म्हणजे मोहीम आहे, परंपरा आहे, पुरस्कार आहेत. नाही तो पेशा. ह्या जिल्ह्याची स्वच्छता घरच्या बायकांच्या कष्टावर, ग्रामसभेच्या उत्साहावर आणि नगरपरिषदेच्या कामगारांवर उभी राहिली. पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. येणारा पाहुणा आता घरचा राहिलेला नाही. त्याला पैसे मोजून स्वच्छता हवी आहे, आणि ती रोज सारखीच हवी आहे. मोहीम वर्षातून काही दिवस चालते. रोजचं काम पगारी, शिकलेल्या माणसाचं असतं.

चार गोष्टींचं वर्तुळ

व्यावसायिक सफाईचं सगळं शास्त्र एका वर्तुळात मावतं. हेन्केल ह्या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर ह्यांनी 1959 साली ते मांडलं. कुठलीही घाण निघते ती चार गोष्टींमुळे: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्यांतून ती भरून काढावी लागते. गरम पाणी नसेल तर साबण जास्त वेळ राहू द्या. साबण सौम्य असेल तर घासा जास्त.

नवखा माणूस ह्यातली एकच गोष्ट जाणतो, घासणं. म्हणून तो दमतो आणि लादीवर ओरखडे पाडतो. शिकलेला माणूस वेळ कामाला लावतो.

आता आपल्या खोलीत या. दार उघडल्यावर पहिलं काम खिडक्या उघडण्याचं. मग चादरी-अभ्रे काढायचे; काढताना झटकायचे नाहीत, आत गुंडाळत आणायचे, म्हणजे वाळू आणि केस त्यातच राहतात आणि पाहुण्याची विसरलेली अंगठीही सापडते. त्यानंतर थेट न्हाणीघरात जाऊन कमोडच्या आत कडेने क्लीनर सोडायचा आणि बेसिनवर, नळांवर फवारा मारायचा. पण घासायचं नाही. बाहेर यायचं. ते रसायन आपलं काम करत राहतं, तोवर तुम्ही खोलीतली धूळ वरून खाली उतरवता: आधी पंखा, मग कपाटाचा माथा, मग टेबल. पलंग लावता. दहा-पंधरा मिनिटांनी न्हाणीघरात परत आलात की निम्मं काम झालेलं असतं. आरसा, बेसिन, शॉवरची जागा आणि सगळ्यात शेवटी कमोड. सर्वांत मळकं ते सर्वांत शेवटी, म्हणजे तिथले जंतू तुमच्या हाताने नळावर येत नाहीत. लादी दूरच्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत यायची, नाहीतर आपल्याच पावलांचे ठसे उठतात.

किनाऱ्यावर ह्यात एक खास नियम वाढतो. वाळूवर ओलं फडकं फिरवायचं नाही. वाळूचे कण बहुतेक गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात. ओल्या मॉपखाली ते पॉलिश कागदासारखे लादी घासतात आणि दोन हंगामांत तिची झळाळी जाते. आधी मऊ कुंचा किंवा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पायरीशीच पाय धुवायचा नळ आणि दोन पायपुसणी, एक बाहेर, एक आत. वाळू खोलीत येऊच दिली नाही तर ती काढायला लागणारी मिनिटं वाचतात. घाण दारातच अडवणं हाही सफाईचाच भाग आहे, आणि हे मालकाला पटवून देणं चांगल्या सुपरवायझरचं काम.

हळद, लोखंड आणि न मिसळायच्या बाटल्या

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, हे घराघरांत माहीत आहे. कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थ भेटला की रंग बदलतं. घाबरून आणखी साबण घासायची गरज नसते. धुऊन कडक उन्हात घातलं की उन्हाने तो रंग विरत जातो. कोकमाचा डाग त्याच कुळातला. आमसुलाचा लाल रंग आंबट पाण्यात लाल राहतो आणि साबणाच्या पाण्यात निळसर-करडा होतो. म्हणून सोलकढी सांडली की आधी गार पाणी, मग लिंबाचा हात, साबण शेवटी. गरम पाणी मात्र नको, कारण नारळाच्या दुधातली प्रथिनं आणि मासळीचं रक्त उष्णतेने कापडात पक्कं बसतं.

आपल्याकडच्या बेसिनवर आणि कमोडमध्ये उतरणारे तांबूस-पिवळे ओघळ बऱ्याचदा घाण नसतात. जांभ्या दगडाच्या मुलखातल्या अनेक विहिरींच्या पाण्यात लोह असतं. हवेशी गाठ पडली की त्याचा गंज होतो आणि तो चिनीमातीवर बसतो. लोक त्यावर ब्लीच ओततात. ब्लीच लोहाला आणखी गंजवतं, डाग घट्ट होतो. इथे आम्ल लागतं: लिंबूसत्व किंवा ऑक्झॅलिक आम्लाचं विरळ द्रावण, थोडा वेळ ठेवून, हातमोजे घालून. पण तेच आम्ल संगमरवरावर सांडलं तर दगडच खाऊन टाकतं. डाग कशाचा आणि तो कशावर पडलाय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय बाटली उघडायची नाही, हा ह्या कामातला पहिला धडा.

दुसरा धडा जिवाशी गाठ असलेला. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर त्यात पडली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याचे चार श्वासही छातीला जाळतात. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव आणि ब्लीच ह्यांचीही गाठ घालायची नाही. ‘दोन्ही टाकलं तर दुप्पट साफ होईल’ हा हिशेब इथे चालत नाही.

तिसरा धडा मापाचा. हॉटेलांत टास्की ह्या ब्रँडच्या सफाई रसायनांच्या बाटल्या नंबराने ओळखतात: आर-वन न्हाणीघराला, आर-टू सर्वसाधारण पृष्ठभागांना, आर-थ्री काचेला, आर-फोर लाकडी फर्निचरला, आर-फाइव्ह सुगंधाला, आर-सिक्स कमोडला. मुलाखतीत हे नंबर विचारतातच. ह्यातली बरीच रसायनं घट्ट रूपात येतात आणि पाण्यात मापून घालायची असतात. लिटरला 20 मिलिलिटर हे प्रमाण धरलं तर 5 लिटरच्या कॅनमधून 250 लिटर द्रावण होतं. अंदाजाने ओतणारा माणूस तोच कॅन महिन्याऐवजी आठवड्यात संपवतो. शिवाय जादा साबणाचा चिकट थर लादीवर राहतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. इस्पितळात लादीवर रक्त सांडलं तर साधारण 1 टक्का हायपोक्लोराइट वापरतात. बाजारातलं द्रावण 5 टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. उन्हात आणि उष्म्यात त्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून रोज ताजं करायचं, बाटलीवर तारीख घालायची.

मापाबाहेर गेलेल्या रसायनाचा एक बळी आपल्याकडे हमखास असतो: सेप्टिक टँक. मालवण किनाऱ्यावरची बहुतेक निवासं टाकीवरच चालतात. टाकीतला मैला जिरवणारे जीवाणू रोजच्या ब्लीचने आणि जहाल आम्लाने मरतात, टाकी लवकर भरते, आणि सच्छिद्र जांभ्यातून व वाळूतून झिरपलेलं पाणी शेजारच्या विहिरीची वाट धरतं. अतिस्वच्छतेच्या हौसेतून झालेली ही अस्वच्छता.

फडक्याचे रंग

मायक्रोफायबरचं फडकं पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिशय बारीक तंतूंचं असतं. ते धूळ ढकलत नाही, पकडतं. त्याची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. ते धुताना कपडे मऊ करणारा द्रव घालायचा नाही, तंतू बुजतात आणि फडकं निकामी होतं.

त्याहून महत्त्वाचा त्याचा रंग. बऱ्याच ठिकाणी पाळली जाणारी पद्धत अशी: लाल फडकं आणि लाल बादली शौचालयाला, हिरवी स्वयंपाकघर व जेवणाच्या जागेला, निळी खोलीच्या सर्वसाधारण भागाला, पिवळी बेसिनला. वाचता न येणाऱ्या माणसालाही हा नियम कळतो आणि कमोडचं फडकं ताटाच्या टेबलावर कधीच येत नाही. चार रंगांची फडकी ही कुठल्याही न्याहरी निवासाला परवडणारी सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

इस्पितळात रंगांचा अर्थ कायद्याने ठरलेला आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ता-पुवाने माखलेला कापूस, बँडेज आणि शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्यांसारखं प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुई चुकून लाल पिशवीत गेली तर ती पिशवी उचलणाऱ्या हाताला टोचते, आणि टोचलेल्या सुईतून हेपॅटायटिस बी सारखा आजार जडू शकतो. त्यामुळे इस्पितळातल्या सफाई कर्मचाऱ्याला ह्या आजाराविरुद्धची लस मिळते का, हे नोकरी धरण्याआधी विचारण्यात काही गैर नाही. ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पडव्याचं खासगी महाविद्यालय सुरू झाल्यापासून हे काम जिल्ह्यातच उपलब्ध आहे; त्यासाठी गोवा गाठावा लागत नाही.

शिडीच्या पायऱ्या

हॉटेलात पहिली पायरी हाउसकीपिंग अटेंडंटची. मोठ्या हॉटेलात एका पाळीत साधारण 12 ते 16 खोल्या त्याच्या वाट्याला येतात. दोन-तीन वर्षांत फ्लोअर सुपरवायझर: तो खोली तपासतो, चादरींचा हिशेब ठेवतो, नव्यांना शिकवतो. त्यापुढे असिस्टंट हाउसकीपर आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, म्हणजे पूर्ण खात्याचा प्रमुख. ह्या शेवटच्या माणसाच्या हातात झाडू क्वचितच असतो. त्याच्यापुढे खर्चाचं अंदाजपत्रक, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, लाँड्रीचा करार आणि कीटकनियंत्रण करणाऱ्यांचं वेळापत्रक असतं.

शिडी चढायला शिक्षण आहे. आयटीआयमध्ये हॉस्पिटल हाउसकीपिंगसारखे अभ्यासक्रम आखलेले आहेत. पर्यटन व आतिथ्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने अटेंडंट आणि सुपरवायझरच्या कामांचे दर्जे ठरवून दिले आहेत आणि त्यांची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. पदवी करायची तर दादर आणि गोव्यातल्या पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्था आहेत. दहावीनंतर काम धरून, दोन वर्षांच्या अनुभवावर प्रमाणपत्र घेणं हा खिशाला परवडणारा मार्ग. जहाजावर जायचं तर सुरक्षिततेचं एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी लागते. क्रूझवर केबिन सांभाळणारा माणूस ह्याच कामातून पुढे आलेला असतो. इंग्रजीची पन्नास वाक्यं आणि नोंदवही नीट लिहिण्याची सवय, ह्या दोन गोष्टी बढतीत जेवढ्या उपयोगी पडतात तेवढी मेहनतही पडत नाही. कुठल्या खोलीत काय बिघडलंय, किती चादरी लाँड्रीला गेल्या, किती आल्या, हे जो लिहितो त्यालाच सुपरवायझर करतात.

ह्या धंद्यात किती वर जाता येतं, ह्याचं मराठी उदाहरण साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड. टेल्को ह्या मोटार कंपनीत अभियंता असलेल्या ह्या माणसाने 1997 साली पुण्यात इंडिका मोटारीच्या प्रकल्पातल्या साफसफाईचं काम आठ माणसांनिशी घेतलं. यंत्राने सफाई करण्याची पद्धत त्यांनी लवकर आणली. त्यातून उभ्या राहिलेल्या भारत विकास ग्रुपने पुढे संसद भवनासारख्या वास्तूंची देखभाल केली, आणि महाराष्ट्रातली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही चालवली. कष्टकऱ्यांच्या बाजूने पाहायचं तर पुण्याचीच ‘स्वच्छ’ ही संस्था आहे: 1993 मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून घडलेली, कचरावेचक बायकांच्या मालकीची सहकारी संस्था. एकाने कंपनी काढली, दुसरीकडे कामगारच मालक झाले. आपल्याकडच्या बचत गटांना ही दुसरी वाट अधिक जवळची वाटावी.

आपला धंदा, आपला हिशेब

नोकरी नको असेल त्याला जिल्ह्यात काम पुष्कळ आहे. मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरं गणपतीच्या आधी उघडून, वाळवी-कोळिष्टकं काढून, टाकी धुऊन तयार ठेवणं. शिमग्याला आणि मे महिन्यात पुन्हा तेच. पाण्याच्या टाक्या, सोफे, गाद्या, छपरावरच्या सौरपट्ट्या. पावसानंतर खळ्यावर आणि जांभ्याच्या गडग्यावर चढलेलं शेवाळ प्रेशर वॉशरने निघतं. पण जांभा सच्छिद्र असतो, जोर वाढवला की त्यातली मऊ माती निघून दगडच खडबडीत होतो, म्हणून फवारा दुरून आणि पसरट ठेवायचा.

दर कसा सांगायचा, हे बहुतेकांना जमत नाही. शेजारी घेतो तेवढे घेतो, असं उत्तर मिळतं. हिशेब मिनिटांपासून सुरू करायचा. दहा खोल्यांचं निवास, एका खोलीला एका माणसाची 30 मिनिटं. म्हणजे 300 मिनिटं, पाच तासांचं काम. हाती वेळ दहा ते बारा, दोनच तास. दोन माणसांचे मिळून चार तास होतात, काम उरतं. म्हणजे तीन माणसं हवीत. तिघांची मजुरी, रसायन, येण्याजाण्याचं पेट्रोल, यंत्राची झीज, आजारपणात बदली माणूस, आणि वर आपला नफा. ही बेरीज केल्याशिवाय दर सांगितला की पहिला तोटा कामगाराच्या मजुरीतून भरला जातो.

चादरींचंही असंच. एका पलंगामागे किमान तीन जोड्या: एक अंथरलेली, एक धुण्यात, एक कपाटात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ह्या किनाऱ्यावर जून ते ऑगस्टमध्ये चौथी लागते, कारण तेव्हा दोरीवरची चादर दोन दिवस वाळत नाही आणि दमट चादर कपाटात गेली की कुबट वास गादीत शिरतो.

कामाची किंमत

ह्या सगळ्यावर एक जुनी सावली आहे, ती झाकून चालणार नाही. नगरपरिषदेतलं सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला आलं. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्यातून घरात पगार आला, पण झाडूही वारशानेच आला. हॉटेलात नाव बदलून ‘हाउसकीपिंग’ झालं तेव्हा सगळ्या जातींची मुलं खोली लावायला आली. कमोड कोण घासतो, हा प्रश्न मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जुन्याच उत्तराने सुटतो. ज्या निवासात खोली लावणारा तोच न्हाणीघर करतो, आणि सुपरवायझर स्वतः ब्रश हातात घेऊन शिकवतो, तिथे हे काम पेशा झालं असं समजावं.

मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्याला तर आता कायद्याने जवळपास जागाच ठेवलेली नाही. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा 2013 चा कायदा सुरक्षासाधनांविना टाकी साफ करवून घेणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवतो. गटारात मरण आलेल्याच्या कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड फसवा आहे. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजून उतरलेली माणसं आणि त्यांना काढायला उतरलेली माणसं, दोन्ही त्यात गेलेली आहेत. पंपाची गाडी बोलवायची. गाडी येईपर्यंत पाहुणे थांबतील.

बाकीचे हक्क साधे आहेत, पण मागावे लागतात. किमान वेतन ठेकेदाराच्या माणसालाही लागू असतं. वीस किंवा जास्त माणसं कामावर असली की भविष्य निर्वाह निधी येतो: कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. नोकरी धरताना पगाराची चिठ्ठी आणि पीएफचा क्रमांक मागावा. हातमोजे, बंद चपला, रसायनाच्या बाटलीवर मराठीत नाव, ह्या गोष्टी मेहेरबानीच्या नव्हेत.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, हंगामाचा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, जलक्रीडा बंद होतात, खोल्या रिकाम्या पडतात आणि मालक सफाईच्या माणसाला सांगतो, ‘आता ऑक्टोबरात ये.’ वर्षभर शिकवलेली मुलगी जूनमध्ये घरी बसते आणि सप्टेंबरात गोव्याला जाते. पुढच्या हंगामात पुन्हा नवी मुलगी, पुन्हा पहिल्यापासून शिकवणं. खरं तर खोलीचं सर्वाधिक नुकसान होतं ते ह्याच रिकाम्या महिन्यांत. बुरशी बंद, दमट खोलीत वाढते. गाद्या उभ्या करून वारा खेळवणं, कपाटं उघडी ठेवणं, भिंतीवरचा पहिला ठिपका ओल्या फडक्याने टिपणं, पडदे-गालिचे धुणं, लादीचे सांधे साफ करणं, आणि ऑगस्टच्या शेवटी चाकरमान्यांची घरं उघडणं, हे सगळं पावसाळ्यातच करायचं काम आहे. चार-पाच निवासांनी मिळून दोन शिकलेली माणसं बारा महिने ठेवली तर हा खर्च बुरशीने खाल्लेल्या गाद्यांत आणि पुन्हा मारायच्या रंगातच भरून निघण्यासारखा आहे. मालवण किनाऱ्यावर सफाईचं करिअर उभं राहणार की नाही, हे त्या मुलीला जुलैचा पगार मिळतो की नाही ह्यावरच ठरेल.